यादीतलं बत्तिसावं नाव

मी नाशिकच्या इंदिरानगरमध्ये राहते आणि याद्या करते. आमच्या डॉक्टरबाई खेड्यांतल्या शाळांमध्ये मुलांची हृदयं तपासायला जातात. नावं, वयं, वजनं मी सांभाळते. घसा दुखून ताप येतो, सांधे सुजतात, सगळं बरं होतं, आणि काही वर्षांनी हृदयाची झडप खराब झालेली सापडते. ती लवकर सापडावी म्हणून ही तपासणी.

सायखेड्याच्या पुढच्या एका शाळेतल्या गुरुजींना मी आधीच बजावलं होतं, "एकही रकाना रिकामा नको."

बत्तिसावं नाव पुकारलं. सातवीतली मुलगी, वय बारा. आलेली मुलगी काट्यावर अठरा किलो भरली. मी वय पुन्हा विचारलं.

"सात. मी ताईच्या जागी आली. गुरुजी म्हणले, रकाना भरायचाय."

"आणि ताई?"

"घरी. शाळेपर्यंत चाललं की तिला धाप लागते."

डॉक्टरबाईंनी हृदय तपासायचं छोटं यंत्र पिशवीत भरलं. गुरुजी मला म्हणाले, "मॅडम, तुम्हीच म्हणाला होतात." ते खरं होतं.

आम्ही त्यांच्या घरी गेलो, तेव्हा ताई ओट्यावर झेंडूचे हार ओवत होती. आई म्हणाली, "आळशी हाय हो. मागल्या साली आधी गुडघे सुजले, मग कोपर. काम दिसलं की हिचं दुखणं जागा बदलतं."

डॉक्टरबाईंनी तिला बाजेवर डाव्या कुशीला झोपवून तपासलं. झडप गळत होती. फार नाही, पण गळत होती.

"म्हणजे आळशी नाय?" आईने विचारलं.

"नाही."

आईने हारांची पाटी उचलली आणि आत नेऊन ठेवली.

नाशिकला मोठ्या तपासणीतही तेच निघालं. दर एकवीस दिवसांनी एक इंजेक्शन, कित्येक वर्षं. चुकलं आणि तो ताप उलटला, तर झडप आणखी बिघडणार. तारखांचा कागद मी त्यांच्या भिंतीवर चिकटवला.

एक तारीख नेमकी दसऱ्याच्या आदल्या दिवशी आली. सकाळीच आईचा फोन. "बाई, आज झेंडूची गाडी भरायची हाय. चार दिवसांनी टोचलं तर?"

"नाही."

"ठाऊक होतं, तरी विचारलं." मग ती दुसरीकडे तोंड करून ओरडली, "अगं, थांब की!"

"काय झालं?"

"बापाच्या मोटरसायकलवर जाऊन बसलीये. म्हणते, हार धाकटीला ओवायला सांग, तिला माझ्या जागी बसायची सवय हाय."

माझ्या यादीत त्या तारखेपुढे मी लगेच खूण केली नाही. दुपारी टोचल्याचा फोन आला, मग केली.