चार चाकांच्या फटफटीचा मिस्त्री

परवा संध्याकाळी वाडीच्या मिस्त्रीनं अन् म्या मिळून माझ्या चार चाकांच्या फटफटीचा, म्हणजे शेतात चालणाऱ्या एटीव्हीचा, कार्बोरेटर साफ केला. बायको वारल्यापासून गाडी शेडमध्ये उभीच होती. हा मिस्त्री कोणतीही गाडी आधी हुंगते, मग तिले शिव्या देते, मग हात लावते.

टाकी हुंगून म्हणे, "काकाजी, हे पेट्रोल नाही, काढा झाला! काहून बंद ठेवली?"

"बुढीचे गुडघे गेले होते. तिले मागं बसवून संत्र्याच्या बगीच्यात फिरवत होतो. आता कोणाले फिरवू? विकून टाक गा."

मिस्त्रीनं जुनं पेट्रोल काढून नवं भरलं. इंजिन सुरू करून दिलं अन् "गिऱ्हाईक पाहतो" म्हणून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच आला.

"गिऱ्हाईक कुठं हाय?"

"आधी वजनावर चालवून पाहा लागते. तुम्ही चालवा, मी मागं बसतो," म्हणत तो बुढीच्या जागेवर बसलासुद्धा.

म्या गाडी बगीच्यात नेली. बुढी गेल्यापासून तिकडं पाय ठेवला नव्हता. मिस्त्री उतरला. इंजिनाकडं त्यानं पाहिलंही नाही. एक संत्रं तोडलं, सोललं अन् अर्धं माझ्या हातावर ठेवलं.