एकाच गेटची बाग

आमच्या समोरच्या घरात पडदेवाली काकू राहते. अख्ख्या गल्लीच्या खिडक्या तिनंच झाकल्यात. पडद्याच्या खालच्या दुमडीत ती शिशाचे बारके तुकडे शिवते, म्हणजे वाऱ्यानं पडदा उडत नाही. "उडणाऱ्या वस्तूला थोडं ओझं बांधावं," असं ती ओठांत टाचण्या धरून सांगते, त्यामुळे तिचा प्रत्येक सल्ला फुसफुसतच बाहेर येतो.

काका लिफ्ट दुरुस्त करायचे. मध्येच अडकून आत रडकुंडीला आलेल्यांना ते वरून ओरडून सांगायचे, "घाबरू नका! लिफ्ट जाणार कुठं? वर गेली तरी येणार खालीच!" आता काका स्वतःच कुठल्याशा दोन मजल्यांमध्ये अडकलेत. भिंतीवर, झाडाच्या बुंध्यावर बटण शोधतात, दाबतात आणि दार उघडायची वाट बघत उभे राहतात.

काकू मात्र सगळ्यांना सांगायची, "त्यांना जरा कमी ऐकू येतं." मग काय विचारता! सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यातूनच बोंब मारायचे, "काकाऽऽ! जेवण झालं काऽऽ?" काकांचे कान ठणठणीत. बिचारे दचकून भिंतीला चिकटायचे.

खरं काय ते फक्त आमच्या घरात माहीत होतं, कारण काकू माप घ्यायला गेली की काका आमच्याकडे बसायचे. "दादाच्या कानावर जाऊ देऊ नका हं," ती आईला बजावायची. दादा म्हणजे तिचा मुलगा, दुसऱ्या शहरातला. तो फोनवर म्हणायचा, "आई, बाबांचं काही बिघडलं असेल तर स्पष्ट सांग. मी त्यांची सोय करतो." 'सोय' म्हटलं की काकूच्या पायाखालचं मशीन थांबायचं. तिला ती सोय माहीत होती. लांबच्या लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना खाटा.

पण काकांना चालल्याशिवाय चैन पडायचं नाही. डावा हात भिंतीला लावायचा आणि भिंत नेईल तिकडे जायचं. दार उघडं राहिलं की निघाले. एकदा तर पार पलीकडच्या बसस्टॉपवर सापडले. तिथल्या वेळापत्रकाच्या पाटीवर बोट दाबून उभे होते, आणि मागे चार माणसं रांगेत!

अशात बातमी आली, जुन्या बस डेपोच्या जागेवर बाग होणार, आणि ती कशी असावी ते आपणच ठरवायचं.

सभेत टेबलावर पुठ्ठ्याची बाग मांडली होती आणि वाटीत रंगीत टाचण्या होत्या. ज्याला जे जिथं हवं, त्यानं तिथं टाचणी टोचायची. आराखडा करणाऱ्या ताई फारच गोड. कुणी शिंकलं तरी म्हणायच्या, "खूऽप छान मुद्दा!"

सेक्रेटरी उठले. "म्हणजे कसं आहे ना, गेट आमच्या बाजूला तर हवंच."

"आणि माझे गुडघे काय तुमच्या गेटापर्यंत लोळत येणार?" तिसऱ्या मजल्यावरच्या आजी कडाडल्या.

"खूऽप छान मुद्दा!"

बघता बघता चारही बाजूंना गेटाच्या टाचण्या लागल्या. तेव्हा काकू उभी राहिली. "एकच गेट ठेवा ना."

"का बरं?"

"कुत्री शिरतील."

"फिरतं दार लावू."

"मग... लोक बागेतूनच मोटारसायकली काढतील."

"मध्ये खांब रोवू."

"काकू, म्हणजे कसं आहे ना," सेक्रेटरी हसले, "तुम्हाला बाग हवीय का तुरुंग?"

सगळे खो खो हसले. काकूनं पदर खांद्यावरून पुढे ओढला. मग म्हणाली, "माझे मिस्टर बहिरे नाहीत."

आणि सगळं सांगून टाकलं. "कुंपणाला हात लावून ते चालतील, मनसोक्त चालतील. गेट एकच असलं आणि तिथं मी बसलेली असले, तर फिरून माझ्यापाशीच येतील. चार गेटं केलीत, तर मी चार ठिकाणी कशी बसू?"

ताईंना मुद्दा छान म्हणणं जमलं नाही. आजी गुडघे धरून उठल्या आणि त्यांनी आपली टाचणी उपटली. मागोमाग बाकीच्यांनीही उपटल्या, एकच उरली.

त्याच संध्याकाळी सेक्रेटरींनी दादाला फोन केला. नंतर आम्हाला म्हणतात, "म्हणजे कसं आहे ना, मुलाच्या कानावर घालणं माझं कर्तव्यच होतं." मनानं वाईट नाहीत हो ते. तोच तर त्रास आहे.

रविवारी दादा आला. तोही वाईट नाही. वडिलांना बूट घालताना त्याचे डोळे भरले होते. "आई, त्यांच्यामागे धावताना एक दिवस तूच पडशील. मग मी कुणाकुणाला उचलू?" काकूनं काकांच्या शर्टाची कॉलर उलटवून बघितली. आतल्या बाजूला तिनं शिवलेला फोन नंबर होता.

लिफ्टमध्ये शिरताच काकांचा चेहरा उजळला. पहिल्या झटक्यात बरोबर बटण दाबलं. बाहेर काकू रडत होती. ते तिला अगदी कामावरच्या आवाजात म्हणाले, "घाबरू नका बाई. लिफ्ट जाणार कुठं?"

दार मिटलं.

बाग पुढं बऱ्याच महिन्यांनी झाली. गोल वाट, हिरवं कुंपण, एकच गेट. गेटाशेजारी पाठ टेकायला येईल असं एक बाकडं ताईंनी मुद्दाम ठेवलंय. काकू त्यावर एकदाही बसलेली नाही. ती आठवड्यातून एकदा बसनं काकांना भेटून येते. तिथं भिंतींना खाटा लावलेल्या आहेत, हात लावून चालायला जागाच नाही.

लोक मात्र चरफडतात. "कुठल्या शहाण्यानं एकच गेट ठेवलंय? अख्खा वळसा पडतो!" नवे भाडेकरू असं म्हणतात ते ठीक, पण हल्ली आजींचे गुडघेही तेच म्हणायला लागलेत.

म्हणून परत सभा झाली. टेबलावर तीच पुठ्ठ्याची बाग, जरा धूळ खाल्लेली. सेक्रेटरी उठले, "म्हणजे... कसं आहे ना..." आणि काकूकडे बघून खाली बसले. कुणीच टाचणीला हात लावेना.

काकूच पुढं झाली. "करा की. चारही करा. आता कोण निसटणार आहे?"

तिनं वाटीतल्या टाचण्या उचलल्या, सवयीनं ओठांत धरल्या आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना एकेक टोचली, पडद्याला टोचते तशी, सरळ रेषेत.