डाव्या हाताची लाखोरी

आमच्या घरी भांडण सकाळीच होते. चहा व्हायच्या आधी. लग्न झालं तेव्हापासूनची रीत आहे. बायको म्हणाली बैलाले पाणी दाखवा, की मी म्हणणार आधी शेण काढ. मी म्हणालो पूर्वेकडची धानाची बांधी आधी कापू, की ती म्हणणार पश्चिमेकडची. कोणाचं खरं झालं ते दुपारपर्यंत दोघंही विसरून जायचो. लोक म्हणायचे, तुमच्या घरावरून गेलं की आकाशवाणी लावायची गरज नाही. म्हणू द्या.

मला लकवा मारला तो असा भांडतानाच मारला. म्हैस कुठं बांधायची यावरून सुरू होतं. मी म्हणत होतो गोठ्यामागे, ती म्हणत होती विहिरीजवळ. "तुले काही समजते का?" असं म्हणून मी हात उचलायला गेलो, तर हात वर झालाच नाही, अन् तोंडातून जे निघालं ते माझं मलाच समजलं नाही. ती म्हणाली, "नीट बोला ना." मी खाली बसलो, मग उठता आलं नाही. पोरानं शेजाऱ्याच्या गाडीत टाकून मला भंडाऱ्याला नेलं.

वेळेवर आणलं म्हणून वाचले, असं तिथली डॉक्टरीणबाई म्हणाली. हाड मजबूत होतं म्हणून वाचलो, असं मी म्हणतो. दोन्ही लिहून ठेवतो, ज्याला जे पटेल ते घ्यावं.

उजवा हात आणि उजवा पाय गेला होता. जीभ जड झाली होती, पण सगळ्यात आधी तीच सुटली. माझी जीभ किती दिवस बांधलेली राहणार! पायही काठीच्या आधारानं हळूहळू चालायला लागला. हात मात्र लोंबतच राहिला.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाईनं बायकोला सगळं समजावून सांगितलं. गोळ्या रोज द्या, मीठ कमी, तंबाखूचा खर्रा बंद, व्यायाम करून घ्या, आणि आजोबांना फार चिडू देऊ नका. बायकोनं बाकी सगळं ऐकलं आणि शेवटचं पदराला गाठ मारून घरी आणलं.

त्या दिवसापासून आमच्या घरी माझं म्हणणं कोणी खोडून काढेना. मी म्हणायचो, दार लाव, ऊन येते. ती म्हणायची, "हव." मी म्हणायचो, दार उघड, गरम होते. "हव." राजे लोक असेच राहत असतील. सुरुवातीला मला बरं वाटलं, खोटं कायले बोलू? पण रोजरोज जिंकून माणूस कंटाळतो. समोर कोणी उभंच नाही तर जिंकलो कोणाला? गावचे लोक पाहायला यायचे, तेही खाटेजवळ मान खाली घालून बसायचे, जसा मी गेलोच आहे. एकानं कबुतराचं तेल आणून दिलं, म्हणे लकव्याला रामबाण. त्याला म्हटलं, "तुह्या गुडघ्याले लाव, लंगडत आला तू." तोही म्हणाला, "हव काकाजी, लावतो."

जेवणाचं वेगळंच होतं. डाव्या हातानं मी जेवणार नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. आमच्यात तो हात ताटाला लागत नाही. सुनेच्या हातून खाणं शक्य नव्हतं. पोरगा म्हणाला, "बाबा, मी भरवतो." त्याला म्हटलं, "तुह्या हातानं तोंडात पानी पडन तं शेवटच्या दिवशी. आतापासून सवय नको लावू." म्हणून बायकोच भरवायची, सकाळी, दुपारी, संध्याकाळी. त्यामुळे तिला घराबाहेर पडताच येत नव्हतं.

ती खाटेजवळ पाटावर बसून राहायची. मी डोळे मिटले की माझ्या छातीकडे पाहायची, वरखाली होते की नाही. मी खोकललो की उभी राहायची. गल्लीतल्या बायांकडे जाणं बंद. धान रोवणाऱ्या बायांच्या टोळीत सगळ्यांच्या पुढे राहणारी बाई, हसली की चार बांध्यांपलीकडे ऐकू जायची, ती आता घरात चोरासारखी पावलं टाकत चालायची. सून म्हणायची, "आत्याबाई, जराशा पडा ना." "हव," म्हणायची आणि बसूनच राहायची. तोंड एवढंसं झालं होतं.

मी तिला डिवचून पाहिलं. म्हणालो, "तुह्या माहेरची मंडई म्हनजे काय, दोन फुगेवाले अन् एक शिळ्या जिलबीवाला." दिवाळीनंतर इकडे गावोगाव मंडई भरते, दंडार होते, नाटक होते, लेकीबाळी माहेरी येतात. हेच वाक्य मी एकदा बोललो होतो तेव्हा तिनं भाजीत मुद्दाम मिरची टाकली होती. यावेळी म्हणाली, "हव."

मग आली लाखोरी. आमच्याकडे धान उभा असतानाच, बांधीत ओल आहे तोवर, धानाच्या बुडाशी लाखोरीच्या डाळीचं बी फेकतात. धान कापला की खालची लाखोरी वर येते. लवकर फेकली तर पाण्यात सडते, उशीर झाला तर उगवत नाही. तो दिवस ठरवण्यावरून आमचं वर्षातलं सगळ्यात मोठं भांडण व्हायचं, कारण लाखोरी तिची. बी तिच्या मडक्यात, फेकणार ती, कोवळ्या पानांची भाजी ती खुडणार, वडे ती तळणार. मला हात लावू देत नसे.

त्या सकाळी ती सुपात बी घेऊन निवडत होती. मी खाटेवरून म्हणालो, "यंदा लाखोरी फेकाची नाई."

ती थांबली. "हव," म्हणाली. उठली आणि सुपातलं बी परत मडक्यात ओतलं.

लकवा मारला त्या दिवशी मला भीती वाटली नव्हती. लाखोरीच्या दिवशी वाटली. मी खाटेवर पडून बरा होत होतो आणि माझी बायको माझ्या डोळ्यांसमोर चालली होती.

तपासणीला जायचं होतंच. पोराला म्हटलं, "मायले बी संग घे." आत गेल्यावर डॉक्टरीणबाईनं माझं प्रेशर पाहिलं, हात हलवून पाहिला, म्हणाली, छान आहे. मी म्हणालो, "आता हिले पाहा."

"काय होते आजींना?"

"भांडत नाई."

डॉक्टरीणबाई माझ्या तोंडाकडे पाहायला लागली. लकवा डोक्यात चढला की काय असं तिला वाटलं असेल. पोरगा म्हणाला, "बाबा, काय बोलून राहिले तुमी?"

"बरोबर बोलून राहिलो. पहिले रोज भांडे. आता हव म्हनते."

डॉक्टरीणबाई हसली नाही. खुर्ची बायकोकडे वळवली आणि विचारलं, "आजी, झोप येते का?"

"हव," बायको म्हणाली आणि रडायला लागली. तोंडात पदर कोंबून, अंग हलेपर्यंत रडली. मग बोलली ते मी पहिल्यांदा ऐकलं. "माह्याच तोंडानं यायले लकवा मारला जी. एका म्हशीवरून एवढा जीव खाल्ला म्या सकाळी सकाळी. आता बोलाले भेव लागते. एखादा शब्द जास्त गेला अन् पुन्हा झटका आला तं?"

एवढे दिवस ती हे पोटात घेऊन बसली होती, आणि मी समजत होतो मी जिंकून राहिलो.

डॉक्टरीणबाईनं तिचा हात धरला. "आजी, एका भांडणानं हे होत नाही. यांचं प्रेशर कितीतरी वर्षांपासून वाढलेलं असणार, वर खर्रा. कधी मोजलं होतं का, आजोबा?"

"ताकदवान मानसानं कायले मोजावं?" मी म्हणालो.

"ऐकलंत? तुमचा दोष नाही. मी चिडू देऊ नका म्हटलं, तुम्ही बोलणंच सोडलं. आजाऱ्याला सांभाळणारं माणूसही आजारी पडते, आजी. थोडे दिवस बाहेर जा, चार माणसांत बसा, झोप काढा. घरी सून आहे, मुलगा आहे. आणि महिन्याभरानं यांच्याबरोबर मला दाखवायला या."

"यायले भरवन कोन? हे डाव्या हातानं खात नाई."

डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळली. "आजोबा?"

"आमच्यात डाव्या हातानं जेवत नाई."

"मग तुमच्यात उजव्याला लकवा मारला की काय करतात?"

मी काठी उचलली आणि पोराला म्हटलं, चाल घरी.

भाऊबीजेला साळा मोटरसायकल घेऊन आला. "भाऊजी, बहिणीले नेतो. मंडई झाली का आनून देतो."

"मी नाई येत," बायको आतून म्हणाली.

मी सुनेला आवाज दिला, "ताट आन व बाई. ओसरीवरच आन."

सगळ्यांसमोर डावा हात भातात घातला. माझं वय एवढं झालं, पण तेवढी लाज मला कधी वाटली नव्हती. पहिला घास मिशीत गेला. दुसरा पोचला. वरण कोपरापर्यंत ओघळलं.

साळा म्हणाला, "भाऊजी, अर्धं तं धोतरानंच जेवलं."

"धोतर घरचंच हाय," मी म्हणालो. "तू तुही गाडी चालू कर."

सून तोंड फिरवून हसत होती. बायको दारात उभी राहून माझा हात पाहत होती. मग आत गेली आणि पिशवीत लुगडी भरून आली. गाडीवर मागे बसून गल्लीच्या वळणापर्यंत मान वळवून पाहत गेली.

ती गेल्यावर घर सुनं लागलं, ते लिहीत नाही. पोराला विचारलं, "बांधीत ओल हाय का?"

"जाऊन राहिली, बाबा. लाखोरी फेकाची असन तं आताच."

"बैलबंडी जुंप. मले घेऊन चाल."

पोरगा कुरकुरला, पण शेवटी पोरगा माझाच, त्याला माहीत होतं मी ऐकणार नाही. धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या बांधावर, जागोजागी काठी रोवून उभा राहिलो, बी कमरेला बांधलेल्या दुपट्ट्याच्या ओट्यात. पोरगा मागून धोतराचा सोगा धरून. उजव्या हातानं बी फेकलं की पसरत जाते. माझ्या डाव्या हातातून ते मूठच्या मूठ एकाच जागी पडायचं. काही माझ्याच पागोट्यावर पडलं. काही शेजारच्या बांधीत गेलं.

शेजारी ओरडला, "काय गा, माह्या बांधीत काहून फेकून राहिला?"

"दिवाळीची भेट समज!"

पोरगा म्हणाला, "बाबा, द्या ना, मी फेकतो." त्याला म्हटलं, चूप राह्य. ती एक बांधी मी पुरी केली. बाकीच्या त्याच्यासाठी सोडल्या.

मंडई आटोपून बायको आली ती बांधीच्या रस्त्यानंच आली. तोवर लाखोरीला कोंब फुटले होते. ती गल्लीच्या वळणावर असतानाच मला तिचा आवाज आला.

"कोनं फेकली ते लाखोरी? एकाकडे चटई अन् एकाकडे टक्कल!" पिशवीही खाली ठेवली नव्हती. "डाव्या हातानं बी फेकते का कोनी? अन् धुऱ्यावर चढले कसे? पडले असते तं कोनं उचललं असतं, म्हसोबानं?"

"तुह्या बापानं तरी याच्याहून बरी फेकली होती का?"

"माह्या बापाचं नाव काहाडू नका! माहा बाप फेके तं दाना दाना मोजून घ्यावा असा!"

गल्लीतले दोनचार लोक कुंपणाशी जमले. पोरानं भंडाऱ्याहून आणलेली प्रेशरची मशीन घेऊन सून पळत आली आणि आमच्या दोघांच्या मध्ये उभी राहिली, आधी कोणाच्या हाताला लावावी हे तिला समजेना. मशीन पाहून बायको एकदम गप्प झाली. माझ्या तोंडाकडे पाहायला लागली, तशीच, छाती वरखाली होते की नाही ते.

मी म्हणालो, "थांबली काहून? माहं अजून झालं नाई."

"तुमचं कधी होते!" ती म्हणाली आणि पुन्हा सुरू झाली. चांगली पोटभर बोलली. सुनेनं मधल्यामध्ये माझा हात धरून मशीन लावली. प्रेशर ठीक निघालं.

दुसऱ्या दिवशी तिनं उरलेलं बी सुपात घेतलं, गल्लीतल्या दोन बायांना हाक मारली आणि माझी टकलं भरायला निघून गेली. परत आली तेव्हा ऊन चढलं होतं. तिघींचं हसणं मला आधी ऐकू आलं, मग त्या दिसल्या. माझं नाव घेऊनच हसत असतील. पायाला घोट्यापर्यंत माती होती. हातपाय धुऊन माझ्यासमोरून आत गेली, आणि मी जेवलो की नाही हे विचारलंसुद्धा नाही.