बॉनेटवरची थाप

स्टँडवरून प्रवाशांची जीप काढण्याआधी गौतममामा बॉनेटवर दणदणीत थाप मारायचे आणि वाकून ओरडायचे, "उठा पाव्हणं, सावली निघाली!" मग जीपखालून दोन-चार कुत्री आळस देत बाहेर यायची आणि शेजारच्या जीपखाली जाऊन पडायची. लोहाऱ्याच्या कचेरीत मी नवीन रुजू झाले होते. मनात म्हटलं, झालं! रोज या येड्या माणसाच्या गाडीतून घरी जायचं!

मला कुत्र्यांचं काडीचं कौतुक नव्हतं. मामांना भारी. "मॅडम, बाजारच्या दिवशी एक तरी दिसतंय का इथं? गर्दीत लाथा बसत्यात म्हणून समदी तुमच्या कचेरीमागं. अन् डबे सुटायच्या टायमाला बरोब्बर दारात!" खरंच होतं ते. माझीही अर्धी पोळी जायचीच.

आमच्या स्टँडवर शिटं भरावीत म्हणून ड्रायव्हर उगाच इंजिन वाजवत बसायचे, "निघाली, निघाली" म्हणत. माणसं धावायची, कुत्री ढिम्म हलायची नाहीत. त्यांना फक्त मामांची थाप खरी वाटायची. एका दुपारी दुसऱ्या एका ड्रायव्हरनं खरंच जीप काढली आणि तांबड्या कुत्रीचा मागचा पाय चाकाखाली आला. मामा तिला मांडीवर घेऊन तिथंच मातीत बसले. "चूक हिची न्हाय. आपुनच लई खोटं बोलतो," म्हणाले. मला रडू आलं, आणि कुत्र्यापायी रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

तांबडी लंगडी झाली, पण वाचली. त्यानंतर मामा आपला नंबर सोडून सुटणाऱ्या प्रत्येक जीपला थाप मारायला जायचे. ड्रायव्हर चेष्टा करायचे, "मामा, पाव्हण्यांचं तिकीट बी फाडा की!" मामांची शिटं मात्र दुसऱ्याच गाड्यांत जायची. शेवटी ड्रायव्हरच वरमले. "बसा मामा गाडीत. आमीच मारतो थाप."

यंदा थंडीत मामा गेले. मला पहिली काळजी वाटली ती तांबडीची. मामांमागं ड्रायव्हर थाप विसरले तर कोण उठवणार तिला? परवा स्टँडवर एक नवाच ड्रायव्हर होता, मामांना कधी न पाहिलेला. बराच वेळ इंजिन वाजवत होता. आम्ही प्रवासी चहा पीत निवांत उभे. मग तो उतरला आणि बॉनेटवर थाप मारली.

"कुणी शिकवलं रे?" मी विचारलं.

"शिकवायचं काय त्यात? इथं असंच करत्यात की."

तांबडी लंगडत बाहेर आली, आणि आम्ही सगळे चहा टाकून जागा धरायला धावलो.