प्योबाईंचे दोन गुरुवार

१७ एप्रिल, गुरुवार. सकाळी धुकं. गाद्यांच्या खोळी धुतल्या. चार वाजता प्योबाई पुन्हा आल्या.

प्यो ग्यूमनान आमच्या गुनसानच्या युवा केंद्रात मुलांचं समुपदेशन करतात. त्याआधी अकरा वर्षं स्वतःच्या गेम पार्लरच्या गल्ल्यावर बसून पोरांना नूडल्स उकळून देत. एक मुलगी दोन दिवस खुर्चीवरून उठली नाही, आणि तिच्या घरी कळवायला यांच्याकडे नंबर नव्हता. त्याच वर्षी त्यांनी पार्लर विकलं आणि चाळिशीत अभ्यासाला बसल्या.

हे मला माझ्या नातीने, हा-रामने सांगितलं. तिचे आईवडील उल्सानला नोकरीला. तेरा वर्षं ती माझ्याजवळ आहे. स्वतःबद्दल मला ती 'हं' आणि 'नको' एवढंच सांगते.

शाळेत गेमिंगच्या व्यसनाची चाचणी झाली. एक फॉर्म मुलांचा, एक घरच्यांचा. तिने बहुतेक ठिकाणी 'नेहमी' लिहिलं, मी 'कधीच नाही'. घराची अब्रू. दोन्ही जुळेनात, म्हणून मागच्या गुरुवारी प्योबाई पहिल्यांदा आल्या. त्यांच्या आठ आठवड्यांच्या गटात तिला घ्यायचं तर माझा फॉर्म खरा हवा आणि सही हवी. मुदत उद्याची.

आज आल्या आल्या त्यांनी विचारलं, "दाखव बरं, कुठला गेम?" हा-राम अर्धा तास बोलत होती. हसलीसुद्धा. मी नासपती सोलत बसले.

"आजी, ही झोपते कधी?"

"वेळेवर."

"आजीच्या रोजनिशीच्या वहीत बघा की," हा-राम म्हणाली. "मी किती घास टाकले तेही असतं त्यात."

वहीत खोटं लिहायचं नाही, ही माझ्या लहानपणीच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर आग्नेस यांची शिस्त. फॉर्मबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या. मी वही पुढे केली. प्योबाईंनी हात लावला नाही. "तुम्हीच वाचा."

"तीन मार्च. जेवण परत आलं. पावणेतीनला दिवा चालू. चार मार्च. तेच." असे एकवीस दिवस.

हा-राम सरकून माझ्या खांद्याशी आली. "तू जागी होतीस?"

"मग कोण जागणार? या प्योबाई?"

बाई हसल्या. मी नाही. फॉर्मवरची उत्तरं खोडून खरी लिहिली, सही केली.

हा-राम त्यांना बसथांब्यापर्यंत सोडायला गेली. मी चर्चला निघते तेव्हा ती दारापर्यंतही येत नाही. परतायला बावीस मिनिटं लागली.

निघताना मुळ्याच्या किमचीचा एक डबा प्योबाईंना दिला होता. लहान डबा, जुनं झाकण.