कानात सांगितलेलं नाव

आमच्या गल्लीतल्या एकूण एक पोराचं नाव आत्यानं ठेवलेलं होतं, आणि ती कुणाचीच आत्या नव्हती. गिरणीत कामाला म्हणून माणसं कुठनं कुठनं सोलापुरात आलेली. खऱ्या आत्या राहिल्या गावाकडं. आणि बारशाला तर आत्या लागतेच, पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात नाव सांगायला. मग आमच्या शेजारच्या खोलीतल्या या उंच, हाडापेरानं मोठ्या बाईला बोलावणं जायचं. तिला स्वतःला मूलबाळ नव्हतं. असल्या बाईनं नाव ठेवावं का, अशी कुजबुज एखादी करायची, पण हळू. आत्याच्या जिभेला सगळ्या टरकून असत.

नाव ती घाईनं काढायची नाही. आधी बाळाचं तोंड न्याहाळणार, मग त्याच्या बापाच्या खोडी विचारणार. पण एक नाव तिनं कधी कुणाला दिलं नाही. समोरच्या घरात मुलगा झाला तेव्हा त्याच्या आईनं "यशवंत ठेवा की, आत्या" असा धोशा लावला. आत्या पाळण्यापाशी ताठ झाली. "ते न्हाय. ते दिल्यालं हाय." कुणाला दिलंय, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. पोराचं नाव मारुती ठेवलं.

त्याच साली मी माहेराहून, सांगोल्याहून, कुत्र्याचं पिल्लू आणलं. भावाच्या मेंढरांमागं फिरणाऱ्या कुत्रीचं. अंगानं काळं कुळकुळीत आणि एकच कान पांढरा. नावावरून आम्ही नवरा-बायको पहिल्याच दिवशी भांडलो. ह्यांना 'टायगर' पाहिजे होतं, कारण गिरणीतल्या साहेबाच्या कुत्र्याचं तेच. मी म्हटलं, "साहेब काय पगार वाढवून देनार हाय व्हय?" शेवटी पिल्लू उचललं आणि आत्याकडं गेले.

"मोत्या ठेवू?" मी विचारलं.

"आन् मोतीराम मुकादम दारात यिऊन भांडला म्हंजी?"

"मग राजा?"

"राजाला भाकर कोन घालनार? तू?" तिनं पिल्लाचा पांढरा कान बोटांत धरून बघितला. मग म्हणाली, "आदी जगू दे त्याला. नाव ठिवलं की माया चिकटती. मग काय झालं तर बोंबलत बसायची पाळी."

मला असा राग आला म्हणता! गल्लीतल्या शेंबड्या पोरांना नावं वाटत फिरायचं आणि माझ्या पिल्लानंच काय घोडं मारलं होतं? मी चार दिवस तिच्याशी अबोला धरला. पिल्लाला मात्र अबोला ठाऊक नव्हता. मी भाकरी थापायला बसले की ते आत्याच्या पायरीवर. ती त्याला मांडीवर ओढायची, त्या पांढऱ्या कानाशी तोंड न्यायची. गोचीड बघत असेल, असं मला वाटायचं. आम्ही आपले "ए" आणि "यू यू" एवढ्यावरच भागवत होतो.

उन्हाळ्यात पलीकडच्या गल्लीत एका म्हातारीला पिसाळलेलं कुत्रं चावलं. लगेच दवंडी फिरली: कुत्री बांधून ठेवा, मोकाट दिसेल ते मारलं जाईल. दुसऱ्या दिवशी सकाळपासून बंदुकीचे बार ऐकू यायला लागले. आमचं कुत्रं मी सुतळीनं खांबाला बांधलं होतं. दुपारचा भोंगा झाला, मी पाणी आणायला उठले आणि बघते तर काय, सुतळी कुरतडलेली. तशीच पळत सुटले.

गिरणीच्या भिंतीला लागून मोकळी जागा होती. तिथं कोपऱ्यात चार-पाच कुत्री कोंडलेली, त्यांत आमचं. समोर खाकी कपड्यातला बंदूकवाला, घामानं निथळत होता.

"माझं हाय वो ते! काळं!" मी ओरडले.

"सकाळपासून सगळ्या बाया हेच सांगतात," तो वैतागून म्हणाला. "तुमचं आहे ना? मग नाव घेऊन हाक मारा. आलं तर घेऊन जा."

आली का पंचाईत! मी "यू यू" केलं, तर सगळ्याच कुत्र्यांनी कान टवकारले. "टायगर!" म्हटलं, "मोत्या!" म्हटलं. आमचं ढिम्म. बंदूकवाल्यानं मान हलवली आणि बंदूक खांद्याला लावली.

"यशवंताऽऽ!"

माझ्या मागून हाक आली. आत्या. अनवाणी, पदर खाली लोळतोय, त्या तापल्या फुफाट्यात उभी. "यशवंता, ये रं! हिकडं ये, माज्या राजा!"

पांढरा कान उभा राहिला. कुत्रं भिंतीपासून सुटलं, बंदूकवाल्याच्या पायाजवळून निघालं आणि थेट तिच्या अंगावर जाऊन पडलं. बंदूक खाली आली. "माणसाचं नाव कुत्र्याला ठेवता होय?" म्हणत तो हसला. आम्ही दोघी हसलो नाही.

परतताना आत्यानं त्याला उचलून घेतलं होतं. चांगलं वाढलेलं कुत्रं, पण खाली ठेवायला तयार नाही. "बारशाच्या आदीच गेला बग माजा," ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "नाव काडून ठिवलं हुतं. कानात सांगायचं राह्यलं." मला रडू आवरेना. चार दिवस धरलेला तो अबोला आठवला आणि स्वतःचीच चीड आली.

मागून येणाऱ्या बायांनी ते ऐकलं होतं, गल्लीत बभ्रा व्हायचा तो झालाच. मेलेल्या लेकराचं नाव कुत्र्याला, म्हणून एकीनं नळावर तोंड सोडलं. तिला मी अशी फैलावर घेतली की पुन्हा बोलली नाही. पण त्या नावानं कुत्र्याला हाक आम्ही कुणीच कधी मारली नाही. ते नाव आत्याचं होतं.

पुढं काही वर्षांनी आत्या तापानं गेली. तिला नेल्यावर कुत्रं तिच्या पायरीवर पडून राहिलं. भाकरीला तोंड लावेना, ह्यांनी ओढलं तरी उठेना. माझी हिंमत होत नव्हती. शेवटी मी जवळ बसले, ती वाकायची तशी वाकले आणि त्या पांढऱ्या कानात हळूच नाव सांगितलं.

तो उठला आणि माझ्या मागोमाग घरात आला.