दोन टोपली मुरूम

वडील गेले त्याच्या पाचव्या-सहाव्या दिवशीची गोष्ट. बसायला आलेली माणसं सतरंजीवर माना खाली घालून बसली होती. आमचं घर बांधणारे लिंबाजी मिस्त्री आले, दाराशी चपला काढल्या, फोटोला हात जोडले आणि शर्टाच्या खिशातून सायकलच्या बेअरिंगमधला एक छर्रा काढून फरशीवर ठेवला. छर्रा क्षणभर जागचा हलला नाही. मग घरंगळत निघाला तो ईशान्येच्या कोपऱ्यातल्या खोलीत शिरला आणि आईच्या पलंगाखालून जाऊन भिंतीला लागला. सगळे बघत राहिले. माझे काका तर लालबुंद झाले. माणूस जाऊन आठवडा झाला नाही आणि हा गोट्या खेळतो म्हणजे काय?

मिस्त्रींनी गुडघे टेकून पलंगाखालून छर्रा काढला, धोतराला पुसून खिशात टाकला आणि मला बाजूला घेतलं. "ताई, गेल्या साली ह्याला जायला जास्त येळ लागायचा. आक्कांना ह्या खोलीत निजवू नका," एवढंच म्हणाले आणि चहा न घेता निघून गेले.

आक्का म्हणजे माझी आई. ती त्याच खोलीत झोपत होती आणि पुढेही झोपणार होती, कारण वडिलांचं शेवटचं दुखणं त्याच खोलीत निघालं होतं. तिला तिथून हलवणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. मी शाळेत साठ-साठ पोरं गप्प करते, पण घरात माझं कोणी ऐकत नाही.

आमचं रेणापूरचं घर भूकंपानंतर दोन-तीन वर्षांनी बांधलेलं. किल्लारीकडची दगडमातीची घरं कशी बसली ते आमच्या भागातल्या प्रत्येकाने पाहिलं किंवा ऐकलं होतं. वडिलांनी तर दगडी भिंतीचा असा धसका घेतला की जुनं घर सोडून त्यांनी शेताकडेला सिमेंटच्या खांबांवरचं नवं घर बांधायला घेतलं. खांब आहेत म्हणजे आता चिंता नाही, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. खांब कशावर उभे आहेत हे त्या दिवसांत कोणी कोणाला विचारत नव्हतं. खाली आमची काळीभोर माती होती, जिच्यात कापूस आणि तूर फार छान येते.

लिंबाजी तेव्हा तिशीतले. भीमनगरात राहायचे, लातूरला मोठ्या मिस्त्रींच्या हाताखाली सात-आठ वर्षं काढलेली, आणि गावातल्या मातब्बर घराचं स्वतंत्र काम त्यांना पहिल्यांदाच मिळालं होतं. मी सहावीत होते. त्यांच्या कानामागची लाकडी पेन्सिल आणि ओळंबा सोडताना बंद होणारा एक डोळा मला अजून दिसतो.

घर झालं, वास्तुशांत झाली. पण लिंबाजी मिस्त्री काही आमच्या घरातून गेले नाहीत. दर वर्षी वैशाखात, रानात हात जाईल एवढ्या भेगा पडल्या की ते हमखास यायचे. ईशान्येच्या कोपऱ्याला बाहेरून एक फेरी घालायचे. खिडकीच्या कोपऱ्यातून छताकडे तिरकी गेलेली एक भेग होती. तिच्यावर ते काचेची बोटभर पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकांना सिमेंटची बोटं लावायचे. भेग थांबलेली असेल तर काच शाबूत राहते, वाढत असेल तर तडकते. पुढच्या वर्षी येऊन बघायचे. काच कधी शाबूत सापडली नाही. तुटलेली पट्टी खरवडून काढायची, नवी लावायची आणि वडिलांशेजारी बाजेवर बसून चहा घ्यायचा, असा त्यांचा रिवाज होता.

पावसाळ्यात भेग आपोआप मिटायची आणि वडील खूश व्हायचे. दसऱ्याला ते रंगारी बोलावून भेग लांबी-पुट्टीने बुजवायचे आणि वर गुलाबी रंग मारायचे. मिस्त्री आले की त्या गुलाबी रंगाकडे बघून मान हलवायचे. "मालक, भेग बुजवायची नसती. तिला इचारायचं असतं, तू कुठून आलीस म्हनून." वडील हसायचे आणि मला चहा सांगायचे.

या मातीबद्दल ते एखाद्या तापट नातेवाइकाबद्दल बोलावं तसं बोलायचे. "पानी पिली की फुगती, ऊन लागलं की आवळती. फुगताना घर उचलती, आवळताना सोडून देती. आन सोडताना सांगून सोडत न्हाई." नळाचं सांडपाणी भिंतीच्या बुडाशी जाऊ देऊ नका, कोपऱ्याजवळचा उंबर वाढू देऊ नका, हे ते इतक्या वेळा सांगायचे की मला ते पाठ झालं होतं. मिस्त्रींचा आमच्यावर फार जीव आहे, असं आम्ही समजायचो. गावात दुसऱ्या कोणाच्या घरी ते असे दर वर्षी जात नाहीत, याचा आम्हाला थोडा अभिमानही वाटायचा.

वडील गेल्यानंतरचं दुसरं वर्ष वाईट निघालं. पाऊस आधी दोन महिने तोंड फिरवून बसला आणि मग परतीला असा कोसळला की शेतातलं सोयाबीन उभ्या-उभ्या काळं पडलं. दिवाळीच्या सुमारास आईच्या खोलीचं दार लागेनासं झालं. एका दुपारी खिडकीची काच कोणी हात न लावता तडकली. भेग या वेळी मिटली नाही, उलट तिच्यातून बाहेरच्या उंबराचं पान दिसायला लागलं. लातूरहून एक इंजिनिअर आणले. त्यांनी फोटो काढले, अहवाल पाठवतो म्हणाले आणि त्यांचा फोन लागेनासा झाला. मग मी मिस्त्रींना निरोप धाडला.

ते आले तेव्हा साठी ओलांडलेली होती, एका गुडघ्याला पट्टा होता. त्यांनी भेगेवर दोन काचा लावल्या. आठवड्याने आले तर दोन्ही तडकलेल्या. ते बराच वेळ बाहेर उकिडवे बसून राहिले. मग आत येऊन म्हणाले की पौषात काम धरू, तेव्हा माती ना फुगत ना आवळत. एका वेळी अर्धाच पाया मोकळा करून काळ्या मातीखालच्या घट्ट मुरमापर्यंत जाऊ आणि तिथून नवा पाया वर आणू. पण खोली आजच रिकामी करायची.

आई पलंगावर बसून वाती वळत होती. तिने मान वर न करता सांगितलं की मी इथून हलणार नाही, जे व्हायचं ते होईल. मी चिडले, रडले, काकांना फोन लावून दिला. काही उपयोग झाला नाही. मिस्त्री दाराच्या चौकटीला धरून उभे होते. त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढला आणि खाली फरशीवर बसले. आईच्या समोर ते कधीच बसत नसत.

"आक्का," ते म्हणाले, "ह्या खड्ड्याला मुरूम लागलाच न्हवता."

आईचा हात थांबला.

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. पायाचे बाकीचे खड्डे सहा-सात फुटांवर मुरमाला लागले होते. हा एकच लागत नव्हता. नऊ फूट गेले तरी काळीच माती. आणि पायाभरणीची पूजा नेमकी ईशान्येच्या खड्ड्यात असते. मुहूर्त सकाळचा होता. पाहुणे आले होते, गुरुजी आले होते, अर्धं गाव आलं होतं. शेजारच्या खड्ड्यातला मुरूम काठावर पडलेला होता. लिंबाजींनी त्यातला दोन टोपली मुरूम तळाला पसरला आणि पायाने चोपला. वरून वडिलांनी वाकून विचारलं, लागला का मुरूम?

"मी लागला म्हनलो," मिस्त्री म्हणाले. "माझा काय मुहूर्तावर इश्वास न्हवता, आक्का. पर एवढे लोक वर. मी भीमनगरचा, पैलंच काम. थांबा म्हनायची छाती झाली न्हाई."

मी विचारलं, इतकी वर्षं येत होतात, मग सांगितलं का नाही? माझा आवाज चढला होता. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "दर साली सांगायलाच येत व्हतो, ताई. मालक चहा सांगायचे."

बाहेर टमटम गेली, तिची खिडकीत थरथर झाली. आई उठली. तिने भिंतीवरचा वडिलांचा फोटो खिळ्यावरून काढला, पदराने पुसला, उशी काखेत मारली आणि ओसरीवर जाऊन बसली. मिस्त्रींकडे तिने पाहिलं नाही.

पौषात काम सुरू झालं. मिस्त्री आणि त्यांचा जावई, दोघंच. तुळईखाली लाकडी ठेपे आणि ट्रकचे जॅक लावले होते. जॅक फिरवला की वर कुठेतरी करकर व्हायची आणि मिस्त्री हात वर करून जावयाला थांबवायचे, आवाज बंद होईपर्यंत तसेच उभे राहायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास आत धप्प असा आवाज झाला. धावत गेले तर खिडकीजवळच्या भिंतीचा एक तिकोनी तुकडा, विटांसकट, फरशीवर पडला होता. आईची उशी असायची नेमकी तिथे. धूळ खाली बसेपर्यंत मी दारातच उभी होते. मिस्त्री माझ्यामागे येऊन उभे राहिले.

नऊ फुटांवर ती दोन टोपली मुरमाची पिवळी रेघ लागली. हाताच्या पंजाएवढी जाड, खाली परत काळं. मिस्त्रींनी ती खोऱ्याने वेगळी काढली आणि खड्ड्याबाहेर एका बाजूला ढीग केला. चांगला अस्सल मुरूम होता. तीस वर्षांत त्याचा रंग उतरला नव्हता.

आई त्या सगळ्या दिवसांत त्यांच्याशी बोलली नाही. चहा मात्र वेळेवर पाठवायची. बारा फूट झाले त्या दिवशी ती काठीचा आधार घेत खड्ड्याच्या काठावर आली आणि वाकून विचारती झाली, "लागला का?"

मिस्त्री खाली उभे होते. तोंडावर सगळी माती. त्यांनी मला हाक मारली. "ताई, तुमी उतरा. माझ्या सांगन्यावर इश्वास ठिवू नका." मी साडी खोचून शिडीने उतरले. त्यांनी माझ्या हातात पहार दिली आणि सांगितलं, टेकवा आणि अंगाचा भार द्या, काळी असेल तर गप आत जाईल, मुरूम असेल तर बोलेल. मी भार दिला. पहार खणकन वाजली आणि हाताला झिणझिण्या आल्या. वर आईला तो आवाज ऐकू गेला. तिने मान हलवली आणि काठीने वाट चाचपत आत गेली. त्या दिवशी चहाबरोबर तिने शिरा पाठवला.

कोपरा उभा राहिला. घराभोवती मुरमाची पट्टी आणि उताराचा कोबा आला, सांडपाण्याला पाइप आला, उंबर तोडावा लागला. बुजवलेल्या भेगेवर मिस्त्रींनी एक नवी काच लावून ठेवली. पुढच्या वैशाखात मिस्त्री आले नाहीत. ते अहमदपूरला लेकीकडे होते, छातीचं दुखणं निघालं होतं. मी एसटीने भेटायला गेले, तर अंथरुणातून त्यांचा पहिला प्रश्न काचेचा होता. शाबूत आहे, मी म्हणाले. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग उशाखालून तो छर्रा काढून माझ्या तळहातावर ठेवला. त्यानंतर पंधरा दिवसांत ते गेले. आईने ऐकलं आणि म्हणाली, "खड्ड्यात उभं राहून मानूस खोटं बोललं तर किती वर्सं उभं ऱ्हावं लागतं, बग."

मला त्यांचा राग पूर्ण गेलेला नाही. माझ्या आईला त्यांनी इतकी वर्षं त्या भिंतीखाली झोपू दिलं. पण दर वर्षी तोंडात शब्द घेऊन येणारा आणि चहा पिऊन तो तसाच परत नेणारा माणूस आठवला की तो राग पुरता धरवतही नाही. त्याला थांबा म्हणू न देणारी गर्दी आमचीच होती. तिच्यात पेढ्याचा पुडा धरून मीही उभी होते.

परवा आमच्या पलीकडच्या प्लॉटवर पायाभरणी होती. घरमालक माझा जुना विद्यार्थी. लातूरचा तरुण ठेकेदार, नवा सदरा, मांडव, गुरुजी, मोबाईलवर शूटिंग करणारी पाव्हणेमंडळी. मला पेढा आणि हळदीकुंकू देऊन पुढे बसवलं. मी ईशान्येच्या खड्ड्यात डोकावले. तळ पिवळा, चोपून अगदी सपाट केलेला. काठावर मात्र उपसलेली माती सगळी काळी होती.

विद्यार्थ्याने वरून विचारलं. ठेकेदार खालून लागला म्हणाला. त्याने वर पाहिलं नाही.

मी पेढा बाजूला ठेवला. घरी जाऊन पहार आणली. बायका हसल्या, कोणीतरी मॅडम पडतील म्हणालं, गुरुजींनी घड्याळ पाहिलं. मी शिडी धरून उतरले, ठेकेदाराला सरकायला सांगितलं आणि पहार टेकवून अंगाचा सगळा भार दिला. पिवळ्यातून ती काळ्यात कोपरभर गेली. आवाज झाला नाही.

वर नारळ हातात घेऊन सगळे थांबले होते. ठेकेदार माझ्याकडे बघत होता, तिशीतला असेल. मी मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "लागला नाही. थांबा."